तिला बोलावणं आलं होतं

चौदाव्या वर्षी मी बार हातात घेतला आणि सदतिसाव्या वर्षी तो कायमचा खाली ठेवला. मधली तेवीस वर्षं मी स्पर्धा खेळलो. आधी शालेय, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. खेळ वेटलिफ्टिंग. कोल्हापुरात हे सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे कुस्ती न्हवं?" कुस्ती नव्हे म्हटलं की त्याचा चेहरा थोडा उतरतो. माझे वडील शिरोलीत फौंड्रीत साचे भरायचे. त्यांचीही इच्छा मी तालमीत जावं हीच होती. पण माझी उंची वाढायची लवकरच थांबली आणि तालमीतल्या वस्तादांनी वडिलांना सांगितलं, "पोरगं गट्टं हाय, पण हात आखूड हायत." आखूड हात वजन उचलायला चांगले असतात हे शाळेतल्या पीटीच्या सरांनी ओळखलं.

राजारामपुरीत आमच्या शाळेच्या मागच्या बाजूला पत्र्याच्या छपराचा एक हॉल होता. दोन लाकडी प्लॅटफॉर्म, तीन बार, कडा झिजलेल्या रबरी प्लेटा, आणि भिंतीला लावलेला एक मोठा आरसा, खाली कोपऱ्यात फुटलेला. शेजारच्या इमारतीत क्लास चालायचे. प्लेट जोरात आपटली की तिकडून कुणीतरी खिडकीतून ओरडायचं. सरांनी तरुणपणी स्वतः राज्यापर्यंत वजन उचललेलं होतं. ते कुणाचं कौतुक करत नसत. बार नीट वर गेला की "हं" म्हणायचे आणि पुढच्याकडं वळायचे. त्या एका "हं"साठी मी पाच-सहा वर्षं घाम गाळला.

या खेळात दोनच प्रकार असतात. स्नॅचमध्ये जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर न्यायचा. क्लीन अँड जर्कमध्ये तो आधी खांद्यावर घ्यायचा आणि तिथून वर द्यायचा. दोन्हींत तीन-तीन प्रयत्न, दोन्हींतल्या चांगल्या वजनांची बेरीज, आणि बेरजेवर नंबर. बार फक्त ताकदीनं वर जात नाही. तो वर येत असताना माणसाला त्याच्याखाली बसावं लागतं, आणि डोक्यावर येणाऱ्या लोखंडाखाली आपण होऊन जायला शरीर तयार नसतं. सरावानं होतं, पण पूर्ण होत नाही. माझं कधीच झालं नाही.

मी एकवीस वर्षांचा असताना ती हॉलमध्ये आली. ती एकोणीसची होती, इचलकरंजीजवळच्या कबनूरची. तिचे वडील दुसऱ्याच्या कारखान्यात माग चालवायचे. ती रोज इचलकरंजीहून एसटीनं कॉलेजला यायची आणि कॉलेजच्या मैदानावर गोळा फेकताना तिला सरांनी पाहिलं होतं. मागांच्या आवाजात वाढल्यामुळं तिचं बोलणं मोठं होतं. पहिल्या दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "सर, मी आलो." आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात, पण ती ज्या आवाजात म्हणाली त्यानं सगळे वळून बघायला लागले.

सरांनी तिला रिकामा बार दिला आणि एकदा करून दाखवलं. तिनं तिसऱ्या वेळेला तो जसा उचलला, तसा उचलायला मला दोन वर्षं लागली होती. बार वर जायच्या आधीच ती त्याच्याखाली बसलेली असायची. भीती नावाची गोष्ट तिच्या पाठीत नव्हतीच. सर त्या दिवशी "हं" म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले आणि बाकीच्यांचा सराव संपेपर्यंत तिथंच बसून राहिले.

मला ती आवडायला लागली आणि तिचं उचलणं बघून पोटात काहीतरी दुखायलाही लागलं. दोन्ही एकाच वेळी झालं. त्यातलं दुसरं मी कुणाला कधी सांगितलं नाही.

चार वर्षांनी आमचं लग्न झालं. दोन्ही घरांनी फार ताणलं नाही. तोपर्यंत मला राष्ट्रीय स्पर्धेत तिसरा नंबर मिळून क्रीडा कोट्यातून एका सरकारी कार्यालयात नोकरी लागली होती. ती अठ्ठेचाळीस किलोच्या गटात होती, स्त्रियांतला तो सगळ्यात हलका गट. लग्नानंतर तीन महिन्यांनी राज्य स्पर्धेत तिनं स्नॅच पंच्याहत्तर आणि जर्क पंच्याण्णव केला. एकशे सत्तर. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हिला आता वर न्यायला पायजे. हिला हितं ठेवून उपयोग न्हाई." मी मान हलवली.

आणि मग तिला दिवस गेले. आम्ही दोन वर्षं थांबायचं ठरवलं होतं. तिला कळलं तेव्हा ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. हातातला टॉवेल तसाच धरून म्हणाली, "एक वर्स जाईल." मी म्हणालो, "बाळ वर्षाचं झालं की तू सुरू कर. मी बघतो घरचं." माझ्या मनात तेव्हा खरंच तसं होतं. निदान मला तसं वाटतं.

तिला आठवा महिना चालू असताना सर शहर सोडून गेले. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती, आणि उत्तरेकडच्या राष्ट्रीय शिबिरात त्यांना वर्षभरासाठी सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावलं होतं. निघताना ते घरी आले, चहा घेतला. तिला म्हणाले, "बघू." तिनं ते बोलणं किती दिवस जपलं असेल ते मला माहीत नाही.

मुलगी झाली. बाळंतपणानंतर पाचव्या महिन्यापासून ती पुन्हा हॉलमध्ये यायला लागली. सकाळी एक तास. माझी आई बाळाला सांभाळायची, पण कुरकुरत. "बाळंतीण बाई, हाडं कच्ची असत्यात." ती ऐकून घ्यायची आणि निघायची. सरावाच्या मध्येच तिचा टी-शर्ट दुधानं ओला व्हायचा. ती ओढणी गुंडाळून पुढचा प्रयत्न करायची. दोन महिन्यांत तिची स्नॅच पासष्टवर आली. मी बघत होतो. मी सत्तावीस वर्षांचा होतो, माझी स्नॅच एकशे दहावर दीड वर्ष अडकली होती.

फोन आला तेव्हा मी कार्यालयात होतो. दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. तेव्हा घरात एकच मोबाईल होता, माझा. सरांचा आवाज लांबून येत होता.

"तिला इचार," ते म्हणाले. "लहान गटात, अठ्ठेचाळीसात, जागा झालीय. मी वर बोललोय. बाळाला घिऊन आली तरी चालंल, भाईर एक खोली बघून ठेवलीय."

मी म्हणालो, "सर, बाळ लई लहान हाय."

"म्हणून तर खोली बघितली. तिला इचार की."

"विचारलंय सर. मागं बोलणं झालंय आमचं. ती नको म्हणती."

 मग ते म्हणाले, "नको म्हणती?"

"व्हय."

"बरं. मग ऱ्हाऊ दे."

आणि ते फोन ठेवायच्या आत मी विचारलं, "सर, माझं काय?"

"तुझं बघू. चाचणीला ये."

मी त्या क्षणी का खोटं बोललो, हे मी अनेक वर्षं अनेक तऱ्हांनी स्वतःला समजावलं. बाळ, आई, लांबचा प्रवास, हिंदी न येणारी बायको. त्यातलं काहीही त्या वेळी माझ्या डोक्यात नव्हतं. ती जाईल आणि मी इथं राहीन, एवढंच होतं.

आठवड्याभरानं ती बाळाला पायावर घेऊन अंघोळ घालत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "सरांनी काय इचारलं का माझं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"लांब गेल्यावर कुठलं लक्षात ऱ्हातंय," ती म्हणाली आणि तांब्यात पाणी घेतलं.

ती स्वतः सरांना फोन करणार नव्हती. सरांना फोन करून 'माझं काय' विचारणारी ती नव्हती. तो मी होतो.

दोन महिन्यांनी मी चाचणीसाठी शिबिराला गेलो. माझ्या गटात पाचवा आलो, त्यांना तिघं हवे होते. संध्याकाळी सरांनी मला मैदानाच्या कडेच्या बाकावर बसवलं. म्हणाले, "तुझ्या कमरेत ताकद हाय. पण बाराखाली जायला तुला उशीर हुतो. ते शिकवून येत न्हाई." तिच्याबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. त्यांना राग आला होता हे मला दिसत होतं आणि तो माझ्यावर नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतायच्या आधी मी मुलींच्या हॉलमध्ये डोकावलो. तिच्या गटातल्या तीन मुली सराव करत होत्या. त्यांतल्या सगळ्यात चांगल्या मुलीनं स्नॅचमध्ये बहात्तर उचललं आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. बहात्तर. मी बॅग खांद्याला लावून दारात उभा होतो.

घरी आल्यावर तिनं माझ्या हरण्याबद्दल विचारलं नाही. जेवताना म्हणाली, "पोरी बघितल्यास का? कशा हायत?"

घरात इतरांसमोर ती मला 'अहो' म्हणायची, पण खेळाचं बोलायचं झालं की आपोआप 'तू'वर यायची. मी ताटाकडं बघत म्हणालो, "लई भारी हायत. आपल्याकडच्यांचं काम न्हाई ते."

पहिलं खोटं एका फोनपुरतं होतं, दुसरं एका 'न्हाई'एवढं. हे तिसरं मी तिच्या तोंडावर, तिनं वाढलेलं जेवत बोललो. त्यानंतर महिन्याभरात ती हॉलला यायची बंद झाली. तिनं तसं जाहीर वगैरे केलं नाही. एके दिवशी बाळाला ताप होता म्हणून राहिली, मग सणाचे दिवस होते, मग तिचे बूट माळ्यावर गेले. वर्षभरानं राजारामपुरीतच डोळ्यांच्या एका दवाखान्यात ती काउंटरवर बसायला लागली. नंबर लावणं, फायली काढणं, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवणं.

सर वर्षानं परत आले, पण थोड्याच दिवसांत मुलाकडं पुण्याला राहायला गेले. जाण्याआधी एकदा ते हॉलमध्ये आले होते. ती मला डबा द्यायला आली आणि त्यांच्या पाया पडली. सर "हं" म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले. तिला वाटलं, आपण त्यांच्या हिशेबातच नव्हतो. सरांना वाटत होतं, एवढं करून हिनं नाही म्हणून सांगितलं. दोघं दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि मध्ये मी होतो. मी प्लेटा लावत राहिलो.

त्यानंतर मी दहा वर्षं खेळलो. त्या दहा वर्षांचं सांगण्यासारखं थोडंच आहे. राष्ट्रीयला एकदा पुन्हा तिसरा, दोनदा चौथा, मग पाचवा, मग आठवा. बाहेरच्या देशात जाणाऱ्या संघासाठी एकदाच अगदी जवळ गेलो होतो, चार किलो कमी पडले. त्या चार किलोंबद्दल लोकांशी मी वर्षानुवर्षं बोललो. गटात बसण्यासाठी स्पर्धेआधी तीन-तीन दिवस पाणी तोडायचं, स्वेटरवर स्वेटर घालून बंद खोलीत उड्या मारायच्या, तोंडात सुपारी धरून पिशवीत थुंकत बसायचं. वजन भरलं की चक्कर येत असताना केळी खायची आणि दोन तासांनी प्लॅटफॉर्मवर जायचं. आधी उजवा खांदा गेला, मग कंबर. चौतीस वर्षांचा असताना वरूनच वजनगट बदलले आणि ज्या बासष्ट किलोत मी आयुष्य घालवलं तो गटच उरला नाही. एकसष्टात उतरण्याएवढं अंगात काही शिल्लक नव्हतं. मग सदुसष्टात गेलो, जिथं समोरची पोरं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती.

या सगळ्यात ती माझ्याबरोबर होती. दवाखान्यातून रजा काढून स्पर्धेला यायची. वॉर्म-अपच्या जागी कुणाचा कितवा प्रयत्न चाललाय, आपल्या आधी किती वेळा बार उचलला जाणार आहे, कधी शेवटचं वजन घ्यायचं, हे तिच्याइतकं अचूक कुणाला जमत नव्हतं. दुसऱ्या जिल्ह्यांचे प्रशिक्षक येऊन तिला विचारायचे. मी पुढचा प्रयत्न एकशे पंधरा सांगायचा की तेरा, हे ती माझ्या डोळ्यांकडं बघून ठरवायची आणि तिचं कधी चुकलं नाही. चुकायचं ते माझं.

पस्तिसाव्या वर्षी कंबरेत इंजेक्शन घेऊन आल्यावर ती म्हणाली, "आता बास कर."

मी पलंगावर उताणा पडलो होतो. म्हणालो, "तू सोडलंस म्हणून मी पण सोडू?"

तिनं गरम पाण्याची पिशवी माझ्या पाठीखाली नीट सरकवली आणि स्वयंपाकघरात गेली. हे वाक्य मी बोललो, हे लिहितानाही मला खरं वाटत नाही, पण बोललो. बोलताना मला फोन आठवत होता. विसरलो असतो तर तेवढं तरी म्हणता आलं असतं.

मी का थांबत नव्हतो, याचं उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मी काहीतरी मिळवलं असतं तर तिचं घेतलेलं कुठंतरी जमा झालं असतं. एक सोन्याचं पदक, एक निवड, बाहेरच्या देशाचा एक शिक्का. मग कधीतरी मी तिला सांगू शकलो असतो. रिकाम्या हातानं कसं सांगणार? म्हणून आणखी एक वर्ष, आणखी एक.

शेवटच्या स्पर्धेत मी स्नॅचचे तिन्ही प्रयत्न चुकलो. पंचांचे तिन्ही वेळा लाल दिवे. स्नॅच शून्य झाली की बेरीज होत नाही आणि यादीत नावासमोर काही लिहीत नाहीत. परतीच्या गाडीत ती म्हणाली, "दोन महिने झाले तुझा डावा गुडघा पुरता वाकत न्हवता. मला दिसत हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलून ऐकलं असतंस?"

मी थांबलो. कार्यालयात केक कापला. त्यात काही लिहिण्यासारखं नाही.

दोन वर्षांपूर्वी सरांना पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून जुन्या पोरांनी राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठेवला. दुपारी चारची वेळ. सर खुर्चीत होते, दोन्ही गुडघे गेलेले, पण आवाज तोच. मी दोन मिनिटं भाषण केलं. सगळ्यांच्या हातात पेढ्यांच्या बशा आल्या आणि आम्ही दोघं त्यांच्या पाया पडायला गेलो.

सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो काढलाच नाही. म्हणाले, "तू आली असतीस तर बाई."

ती हसली. "कुठं सर?"

"कुठं म्हंजे? शिबिराला. बाळाला घिऊन ये म्हणालो हुतो की. खोली बघितलती मी तुझ्यासाठी. आगाऊ सांगून ठेवलतं."

ती वाकलेलीच होती. मी तिच्यामागं उभा होतो, मला तिचा चेहरा दिसत नव्हता.

सर माझ्याकडं हात करून म्हणाले, "ह्याला फोन केलता. हा म्हणाला, तिला इचारलं, ती नको म्हणती. लई राग आलता मला तुझा. तुझ्याशी धड बोललो पण न्हाई नंतर."

आजूबाजूला माणसं बोलत होती. कुणीतरी माइकवर कुणाला तरी फोटोसाठी बोलावत होतं. ती सरळ झाली. माझ्याकडं वळून बघेल असं मला वाटलं, पण तिनं बघितलं नाही.

"व्हय सर," ती म्हणाली. "पोरगी लहान हुती."

"ते खरं हाय," सर म्हणाले. "पण तू वर गेली असतीस. मी चाळीस वर्सं शिकवलं, तुझ्यासारखं कुणी बघितलं न्हाई."

ती पुन्हा त्यांच्या पाया पडली. मग आम्ही फोटोला उभे राहिलो. तो फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आहे, त्यात आम्ही सगळे हसतो आहोत.

गाडीवर ती मागं बसली, रोजच्यासारखी. घरी येऊन तिनं भाकरी केल्या, मुलीची वही तपासली. मी वाट बघत होतो. ती भांडेल, रडेल, माहेरी जाईल, काहीही. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मुलगी क्लासला गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "नेमकं काय म्हणाले ते सांग."

मी माफी मागायला सुरुवात केली. तिनं हातानं थांबवलं.

"ते नको. सर काय म्हणाले ते सांग. पयल्यापासनं."

मी सांगितलं. लहान गटात जागा झालीय म्हणाले.

"जागा झालीय म्हणाले का जागा हाय म्हणाले?"

"झालीय."

"माझं नाव घेतलं?"

मला आठवेना. 'तिला इचार' म्हणाले होते हे आठवत होतं. त्याच्याआधी नाव घेतलं होतं का?

"वर बोललोय म्हणाले, ते कुणाशी?"

"ते न्हाई सांगितलं."

"मी किती उचललेलं सांगितलं हुतं त्यांनी वरच्यांना?"

"मला म्हाईत न्हाई."

"इचारलं न्हाईस?"

मी नाही विचारलं. सर बोलत होते तेव्हा माझं लक्ष ते माझ्याबद्दल कधी बोलतील इकडंच होतं. तिला आलेल्या बोलावण्यातले शब्दही माझ्याकडं पुरते नव्हते. पुढचे काही दिवस ती मध्येच विचारायची. भाजी चिरताना, दवाखान्यात निघताना चप्पल घालताना. खोली कुणाच्या घरात होती? कधी ये म्हणाले होते? आवाज कसा होता, चिडून की खुशीत? मी आठवत राहायचो. कधी कधी तिला बरं वाटावं म्हणून काहीतरी जोडून सांगावंसं वाटायचं. मग कळायचं की तेही खोटंच होईल, आणि मी गप्प बसायचो. ते गप्प बसणंही तिला खोटंच वाटत असणार.

मी एकदा तिला मुलींच्या हॉलमधलं सांगितलं. बहात्तर. ते ऐकून मात्र ती खाली बसली.

"बारा वर्सं," ती म्हणाली. "बारा वर्सं मला वाटत हुतं, मीच कमी पडलो. काउंटरवर बसून रोज वाटायचं. आपण कायतरी हाय असं उगंच वाटून घेतलं, सरांनी सुदा इचारलं न्हाई." मग म्हणाली, "तू जाऊ दिलं न्हाईस ते एक. एवढं तरी सांगायचं हुतंस की त्यांनी बोलवलंय. मी नसतो गेलो. तुझी आई बघून, पोरगी बघून कदाचित मीच न्हाई म्हणालो असतो. पण बोलवलं हुतं एवढं माझ्याजवळ ऱ्हायलं असतं."



दोन महिन्यांनी ती एकटी सरांना भेटायला पुण्याला गेली. सकाळच्या गाडीनं गेली, संध्याकाळी आली. मी विचारलं, सांगितलंस का त्यांना. ती म्हणाली, "न्हाई. आता त्यांना सांगून काय करू." काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचं तोंड नव्हतं. पावसाळ्याच्या आधी सर गेले. फोन तिच्या मोबाईलवर आला. ती अंत्यविधीला गेली. मला चल म्हणाली नाही, मी निघालो नाही. मला घडवणारा माणूस होता तो, आणि मी त्या दिवशी कार्यालयात बसून आवक-जावक करत होतो.

अजूनही शाळांच्या क्रीडा दिनाला मला पाहुणा म्हणून बोलावतात. गेल्या वर्षी एका शाळेत कुणीतरी विचारलं, एवढी वर्षं खेळलात, यामागं कुणाचा हात? मी सवयीनं म्हणालो, माझ्या बायकोचा. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याचा व्हिडिओ तिच्या दवाखान्यात कुणीतरी तिला दाखवला. घरी येऊन पर्स ठेवताना ती म्हणाली, "तेवढं बोलायचं बंद करा." त्यानंतर मी कुठं गेलो नाही.

मी आता एकेचाळीस वर्षांचा आहे. डॉक्टर मणक्याचं ऑपरेशन सांगतात, मी पुढं ढकलतो आहे. तेवीस वर्षांत जे मिळालं ते एका कपाटाच्या खालच्या खणात मावतं. मुलीला यंदा दहावी आहे. ती खेळत नाही, तिला चित्रकला आवडते. सकाळी मी चहा करतो, बायको साडेनऊला दवाखान्यात जाते. गॅस कधी लावायचा, लाइट बिल भरलं का, मुलीचा क्लास किती वाजता, एवढं आम्ही बोलतो. बाकी बोलणं होत नाही.